कोटाची भोकं गेली कुठे?

६ एप्रिल

प्रिय आत्या,

पोहोचले! मी पोहोचले, बॅग पोहोचली, तू बळेबळे कोंबलेला सुया-दोऱ्यांचा डबाही पोहोचला. शाळेच्या बाईंनी पोहोचल्याचा फोन लावून दिला, त्यात तू फक्त "जेवलीस का?" विचारलंस आणि फोन कट झाला. म्हणून आता सगळं पहिल्यापासून सांगते. पाणी पिऊन वाचायला बस.

बाईंनी आमचे सगळ्यांचे फोन काढून घेतलेत. म्हणाल्या, "फ्रेंच कुटुंबात राहायला आलात ना, मग त्यांच्या घरात राहा, फोनमध्ये राहू नका. घरच्यांना पत्रं लिहा." अर्धा वर्ग रडकुंडीला आला. मला काय, एकदा लिहायला लागले की मला कुणी थांबवावं लागतं.

इथल्या शाळेच्या हॉलमध्ये आम्ही एका भिंतीला आणि सगळी फ्रेंच कुटुंबं समोरच्या भिंतीला. मध्ये रिकामी फरशी. आपण लग्न ठरवायला आलोय की काय असंच वाटत होतं! एकेकाचं नाव पुकारायचे आणि तो बॅग ओढत पलीकडे जायचा. माझं नाव घेतलं तशी समोरून एक उंच, काटकुळी मुलगी धावत आली, माझी बॅग उचलली आणि चालायलाच लागली. एक शब्द नाही! मी मागून पळतेय. तिचे पाय एवढे लांब की मी तिचं तिथल्या तिथे नाव ठेवलं, बगळी. मनातल्या मनात हं. जिन्यात ती एकदम वळून म्हणाली, "मला फार भीती वाटत होती, म्हणून मी बोलले नाही." मी म्हटलं, "मलाही!" मग आम्ही तिसऱ्या मजल्यापर्यंत हसत गेलो.

घरात ती आणि तिचे आईबाबा. मी त्यांना काकू-काका म्हणते. काका शहराची बस चालवतात. त्यांची पहाटेची पाळी असते, दुपारी येऊन तेच स्वयंपाक करतात आणि भाजी चिरताना बसथांब्यांची नावं ओरडतात. काकू नाटक कंपनीत कपड्यांच्या प्रमुख आहेत. कुणी काय घालायचं, ते कापायचं, शिवायचं, धुवायचं, सगळं त्यांच्याकडे. म्हणजे काम तुझंच.

आणि आत्या, मला स्वतःची खोली आहे! बगळीचा मोठा भाऊ नोकरीला दुसऱ्या गावी असतो, त्याची. मी दार लावून पाहिलं, उघडून पाहिलं, परत लावून पाहिलं. पांढऱ्या टाइल्सची बाथरूम आहे, तिच्यात टब आहे. पहिल्या दिवशी मी त्यात इतकी बसले की काकूंनी दार वाजवून "आहेस ना?" विचारलं.

जेवताना बगळीने आपल्या घराचं विचारलं. मी सांगितलं, खाली रस्त्याला लागून आत्याचं रफूचं दुकान, वर एक खोली आणि स्वयंपाकघर, बाथरूम जिन्यावर, शेजाऱ्यांशी वाटून. बाबा ट्रकवर गेले की आम्ही दोघीच. ती म्हणाली, "मग मी आले की झोपणार कुठे?" मी म्हटलं, "आमच्या दोघींच्या मध्ये." ती एवढी हसली! मग मी विषय बदलला. परतीला त्यांचा गट आमच्याबरोबरच यायचाय ना, तोवर तिला सगळं सांगून होईल.

काका हाका मारतायत. उरलेलं पुढच्या वेळी.

तुझी भिंगरी


१३ एप्रिल

चि. भिंगरीस आत्याचे आशीर्वाद.

पत्र मिळालं. ओळी अजून चढावर चालल्यासारख्या वर वर जातायत. एवढ्या लांब गेलीस तरी अक्षराला शिस्त नाही. पत्र आलं तेव्हा गिऱ्हाईक समोर उभं होतं, त्याला तसंच उभं ठेवून वाचलं. तो म्हणाला, "आत्या, माझी पँट?" म्हटलं, "पँट कुठे पळून चाललीय?" मग त्यालाही टबाचं वाचून दाखवलं. तो म्हणतो, सर्दी होईल. मीही तेच म्हणते.

तुझे बाबा माल घेऊन गेलेत, आठवड्याने येतील. जाताना तुझं पत्र खिशात घालून गेले. परत मागितलंय.

आता नीट ऐक. लोकांच्या घरी आयतं बसून खायचं नाही. "पाहुणी आहे" हे दोन दिवस ठीक, पुढे ते अंगावर येतं. ते लोक चांगले दिसतात म्हणून तोंडाने काही म्हणणार नाहीत, पण आपलं आपल्याला कळायला हवं. तुझ्या हातात सुई दिली ती काही शोभेला नाही. नाटक कंपनीचे कपडे म्हणजे फाटणार, उसवणार. काकूंनी सांगायची वाट बघू नकोस. दिसलं की हातात घे. निघशील तेव्हा त्या घरात तुझ्या हाताचं काम राहिलं पाहिजे. आणि काम केलंस तर आपल्याकडच्यासारखं कर, सुलट्या बाजूने टाका दिसता कामा नये. दिसला तर माझं नाव सांगू नकोस.

ती मुलगी हसली ते वाचलं. तिच्या राहण्याचं मी बघते. मुख्याध्यापिकाबाईंना भेटून आले. तू त्यात डोकं घालू नकोस, मजेत राहा.

खोलीचं दार लावून झोपत जाऊ नकोस. सवय लागेल.

तुझी आत्या


२० एप्रिल

प्रिय आत्या,

तुझं पत्र काल आलं आणि आज मी जे केलंय ना, ते ऐकून तू दुकानात नाचशील!

पण आधी थोडं मागचं. परवा काकू मला आणि बगळीला थिएटरच्या मागच्या बाजूला घेऊन गेल्या, त्यांच्या कामाच्या जागी. तू असतीस तर परत आलीच नसतीस. दाराएवढ्या उंच खिडक्या, लांबच लांब टेबलं, छतापासून तारेने लोंबकळणाऱ्या इस्त्र्या, भिंतभर बटणांचे खण. नुसती काळी बटणं बारा प्रकारची! बुटांची तर वेगळीच खोली. मी एका शिलाई मशीनपाशी उभी राहिले, तर तिथला मास्तर मला हुसकावायच्या ऐवजी खुर्ची द्यायला आला. पंधरा दिवसांवर नवीन नाटक आलंय म्हणून सगळे धावत होते, आणि धावता धावता गात होते.

काल संध्याकाळी काकू दोन मोठ्या पिशव्या घेऊन घरी आल्या. वरचं उघडंच होतं, मी वाकून पाहिलं. आत्या, काय अवस्था कपड्यांची! एक लांब लोकरी कोट, दोन्ही कोपरं गेलेली, खिशाचं तोंड फाटून लोंबतंय. एका स्वेटरला मुठीएवढं भोक. दोन पँटच्या पायांना गुडघ्यापर्यंत चिखल, एका शर्टाची कॉलर अर्धी उसवलेली. आणि प्रत्येकाला चिठ्ठी टाचलेली, अगदी आपल्या दुकानासारखी. काकू थकून खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "सोमवारी हे सगळं न्यायचंय, उद्या रात्री यांच्याशी बसावं लागेल." म्हणजे जागून दुरुस्त करणार बिचाऱ्या. माझ्या डोक्यात तुझं पत्र घुमत होतं.

आज सकाळी काका पाळीवर गेले, काकू आणि बगळी काकूंच्या आईला भेटायला गेल्या. मला खरोखरच सर्दी झालीय (टब!), म्हणून मी घरी. दार लागलं तशी मी पिशव्या माझ्या खोलीत ओढल्या.

कोट आधी घेतला. खालच्या दुमडीतून त्याच्याच लोकरीचे धागे काढले, खिडकीपाशी बसले, उलट्या बाजूने आधी उभे धागे भरले, मग आडवे, एक वर एक खाली. मधे जेवायला उठलेसुद्धा नाही. दुसऱ्या कोपरापर्यंत हात असा बसला की भोकाची कड कुठली तेच मला सापडेना! स्वेटर विणून भरला. कॉलर शिवली. खिशाला आतून पट्टी दिली. चिखल आधी वाळलेला खरवडला, मग साबणाने घासून घासून काढला. जाम चिकट चिखल होता, पण मी कुठली सोडतेय! इस्त्री केली, घड्या घातल्या, चिठ्ठ्या जिथल्या तिथे टाचल्या. बोटाला तीन ठिकाणी सुई लागलीय आणि मी इतकी खूश आहे की मला ओरडावंसं वाटतंय.

आता पिशव्या होत्या तिथे ठेवून आलेय आणि हे लिहितेय. काकूंचा चेहरा बघायचाय मला! जिन्यात पावलं वाजली... आल्या, आल्या! उरलेलं नंतर.

भिंगरी


२२ एप्रिल

आत्या,

आधी बसून घे.

काकूंनी पिशवी उघडली. कोट काढला. सुलटा पाहिला, उलटा केला, बाही ओढून पाहिली. मग पिशवीत डोकं घालून पाहिलं, भोकं तळाशी गळून पडली असतील म्हणून की काय. मग माझ्याकडे बघून अगदी हळू विचारलं, "भोकं गेली कुठे?"

मी म्हटलं, "मी शिवली!" आणि हसत उभी राहिले, आता मिठी मारतील म्हणून.

काकू जमिनीवर बसल्या.

ती भोकं केलेली होती, आत्या. मुद्दाम. नाटकातली माणसं घरदार सुटून लांबच्या लांब चालत आलेली असतात, त्यांचे कपडे आहेत ते. नवा कोट आणून काकूंनी त्याला पॉलिश पेपरने घासला, किसणीने किसला, खिसे ओघळावेत म्हणून त्यांत दगड घालून टांगून ठेवला. आणि तो चिखल! तो चिखल नव्हताच. रंग आणि डिंक कालवून, थरावर थर देऊन बनवला होता. कितीतरी आठवड्यांचं काम, आणि मी एका दिवसात त्याला इस्त्री मारली. शुक्रवारी रंगीत तालीम आहे.

काका आले, त्यांना सांगितलं, तर त्यांना हसू आवरेना. काकूंनी असं पाहिलं की ते स्वयंपाकघरात गेले आणि तिथे भांड्यांचा आवाज करून हसले. काकू मात्र ओरडल्या नाहीत. पाणी प्यायल्या, चष्मा लावला आणि कोट घेऊन खिडकीपाशी गेल्या. दोन्ही कोपरं बोटांनी चाचपत बसल्या. मग म्हणाल्या, "भोक होतं कुठे, ते तरी दाखव." मलाही दाखवता येईना.

ओरडली ती बगळी. आणि ती जे बोलली त्यासाठी हे पत्र लिहितेय. ती म्हणाली, "आमच्या घरातलं सगळं तुला दुरुस्त करायचंय, आणि तुझ्या घरात मात्र मी पाऊल टाकायचं नाही!" मला कळेना, ही काय बोलतेय. तर तिला शुक्रवारीच शाळेत सांगितलंय की ती आपल्याकडे राहणार नाही, आमच्या वर्गातल्या डॉक्टरांच्या मुलीकडे राहणार. "घरच्यांची तशी इच्छा आहे." दोन दिवस ती गप्प होती, मी आपणहून सांगेन म्हणून. तिला वाटलं मीच तसं सांगितलंय. मी शपथा घेतल्या, पण माझं फ्रेंच रडताना चालत नाही.

आत्या, बाबांनी सांगितलं का? तू म्हणाली होतीस मी बघते. मग हे झालं कसं? मी तिला काय काय सांगून ठेवलंय! दुकानातलं तुझं बसणं, गिऱ्हाइकांशी तुझी भांडणं, गॅलरीतून रस्त्याकडे बघत खाणं. तिने तुझ्यासाठी काय आणायचं याचा विचारसुद्धा केला होता. ती आता माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलते.

शाळा सुटली की मी काकूंबरोबर थिएटरमध्ये जाते, भोकं परत करायला. काल त्यांनी माझ्या हातात किसणी दिली आणि कोट समोर ठेवला. मी किसणी टेकवली आणि हात चालेना. तुझ्या दुकानात वाढलेली मी, कापड फाडायचं? काकूंनी माझ्या हातावर हात ठेवून पहिला ओरखडा काढला. मग जमलं. खोटं कशाला सांगू, मग मजाही आली. पण घरी आले की ते डॉक्टरांचं आठवतं.

लगेच लिही.

भिंगरी


३० एप्रिल

भिंगरीस आशीर्वाद.

तुझी दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली. वीस तारखेचं वाचून मी खरंच सगळ्या रस्त्याला सांगत सुटले, पोरीने काय हात दाखवला. मग दुसरं उघडलं आणि मटकन गिऱ्हाइकाच्या बाकावर बसले. आणि मग इतकी हसले, इतकी हसले की पोटात कळ आली. बनवलेला चिखल धुतलास! समोरचा चांभार धावत आला, मला काही झालं की काय म्हणून. त्याला सांगितलं तर तोही बसला खाली. चूक तुझी नाही, माझी. दिसलं की हातात घे, असं मीच लिहिलं. फाटकं दिसल्यावर हात आवरावा हे या घरात कुणी कुणाला शिकवलेलंच नाही. काकूंना माझ्यातर्फे माफी सांग. आणि एका दिवसात दोन कोपरं म्हणजे धागे सैल राहिले असणार, तेही मला माहीत आहे.

आता दुसरं. बाबांनी नाही, मी सांगितलं.

तू स्वतःच्या खोलीचं लिहिलंस, टबाचं लिहिलंस. चांगलं वाटलं वाचून. मग लिहिलंस, आपल्या घराचं सांगितल्यावर ती हसली आणि तू विषय बदललास. ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. मला वाटलं, पोरीला लाज वाटली. आणि मला तुझी लाज वाटली नाही, माझी वाटली. वरची ती खोली, पावसात फुगणारं दार, जिन्यावरची बाथरूम, बाहेर शेजारी बादली घेऊन उभे. त्या मुलीने हे सगळं बघायचं, जाऊन तिच्या आईला सांगायचं, आणि तू मध्ये उभी. मी दुसऱ्याच दिवशी शाळेत गेले. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, डॉक्टरांकडे जागा आहे. मी हो म्हणून आले. जन्मभर लोकांची भोकं झाकली, म्हटलं आपलंही झाकू.

तुला विचारायला हवं होतं. ते चुकलंच.

पण आता ते झालं. डॉक्टरीणबाईंनी नवीन पलंग आणलाय, पडदे लावलेत. मला रस्त्यात थांबवून विचारतात, तिला काय आवडतं. मी कोणत्या तोंडाने जाऊन सांगू की आता नको? दिलेला शब्द आहे. तिला म्हणावं, तिथे सुखात राहशील. आत्याने भल्यासाठीच केलं म्हणावं.

तू नाराज असशील. राहा. पण जेवण सोडू नकोस.

आत्या


७ मे

प्रिय आत्या,

नाराज होते. तुझं पत्र वाचून आधी खूप रडले, मग बगळीला वाचून दाखवलं, म्हणजे फ्रेंचमध्ये जमेल तसं सांगितलं. तुझ्या त्या वाक्यापाशी आले, "ती हसली", तर ती उडालीच! म्हणाली, "मी हसले ते आनंदाने!" ती जन्मल्यापासून एकटी खोलीत झोपतेय. दोघींच्या मध्ये झोपायचं म्हटल्यावर तिला इतकं भारी वाटलं होतं की तिने ते शाळेत सगळ्यांना सांगून टाकलं होतं. आणि मी विषय का बदलला माहितीये? काका उकळतं पातेलं घेऊन आले आणि "कोपरं काढा, कोपरं!" म्हणून ओरडले. एवढंच. मी अर्धंच लिहिलं, म्हणून हे झालं. लाज कसली आत्या? मी तुझं दुकान इथे इतकं सांगितलंय की काकांना आपल्या गिऱ्हाइकांची नावं पाठ झालीत.

आता नाटकाचं ऐक.

तालमीच्या आदल्या दिवशी सगळं परत फाटकं झालं होतं. चिखल मी लावला, तीन थर. एक कोपर तेवढं राहिलं होतं, उजवं. मी किसणी घेतली, तर काकू म्हणाल्या, "थांब." कोट त्यांनी पुतळ्याला घातला आणि लांब जाऊन बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "एवढं लांब चालत आलेला माणूस. कुणीतरी याच्यासाठी एकदा तरी सुई घेतली असेल ना? हे कोपर तुझं. पण टाके दिसले पाहिजेत. शेवटच्या रांगेपर्यंत."

मी म्हटलं, आत्या मला घरात घेणार नाही!

पण बसले. जाड निळा दोरा, राखाडी कोटावर. आणि हात ऐकेना. आपोआप टाका आत जायचा, लपायचा. तीनदा उसवलं. शेवटी बगळी शेजारी येऊन बसली. ती अजून धड बोलत नव्हती माझ्याशी. तिने दिवा धरला आणि प्रत्येक टाक्याला म्हणाली, "दिसतोय. दिसतोय. हा नाही दिसत, काढ." असं करत आम्ही ते कोपर पूर्ण केलं, आणि पूर्ण झालं तेव्हा आम्ही परत मैत्रिणी झालो होतो.

तालमीच्या पुढच्या शुक्रवारी पहिला प्रयोग. थिएटर खच्चून भरलेलं, आमचा सगळा वर्ग वर बाल्कनीत, काकू पडद्याआड, मी आणि बगळी तिसऱ्या रांगेत एकमेकींचे हात धरून. तो कोटवाला आला. दमून बसला. भांडं तोंडाला लावायला हात वर केला आणि दिव्यात ते कोपर आलं. निळे टाके, एकूण एक दिसत होते. पुढच्या रांगेतल्या बाईंनी शेजारणीला दाखवलं आणि म्हणाल्या, "बघ, याचं कुणीतरी होतं." आत्या, मला भडभडून आलं. इतकी वर्षं तू शिवतेस, मी बघते, आणि कुणी म्हणत नाही की इथे कुणीतरी बसून शिवलंय. आपण ते दिसूच देत नाही. त्या दिवशी सगळ्यांना दिसलं. प्रयोग संपल्यावर टाळ्या थांबेनात, आणि काकूंनी मला ओढून सगळ्या नटांसमोर उभं केलं. मला काय करावं कळेना, मी वाकून नमस्कारच केला. तर ते सगळे वाकले!

आता मुख्य. डॉक्टरांकडे पलंग आहे, पडदे आहेत, ते लोक चांगले आहेत, सगळं खरं. बगळी म्हणते, आत्यांची तशी इच्छा असेल तर मी जाईन. पण काल तिने मला विचारलं, "मी कधीतरी दुपारी येऊन तुमच्या दुकानात बसले तर आत्यांना चालेल का?" परवानगी मागत होती, आत्या. आपल्या घरी येण्याची. मी त्यांच्या घरात कपाटं उघडते, काकांच्या चपला घालते, आणि ती अशी दाराबाहेर उभी राहून विचारते. मला घराची कधी लाज वाटली नाही. ह्याची वाटली.

शाळेच्या बाई म्हणतात, आम्ही निघायच्या आधी घरून कळलं तरच बदल करता येईल, नंतर नाही. तू शब्द दिलायस हे मला कळतं. पण मीही तिला शब्द दिला होता, आणि तो आधी दिला होता.

वाट बघतेय.

भिंगरी


१४ मे

माझ्या लाडक्या भिंगरी,

पत्र वाचलं आणि भर दिवसा दुकान बंद केलं. चांभार विचारतोय, कोण गेलं? म्हटलं, कुणी गेलं नाही, कुणीतरी येतंय.

तडक डॉक्टरांच्या घरी गेले. वाटेत काय बोलायचं ते पाठ करत होते, दारात सगळं विसरले. डॉक्टरीणबाईंनी दार उघडलं, मागे ते नवे पडदे दिसत होते. मी सरळ म्हणून टाकलं, "ती मुलगी आमच्याकडेच राहील." त्या म्हणाल्या, "का हो? आमचं काही चुकलं का?" म्हटलं, "तुमचं नाही, माझं चुकलं. मला माझं घर दाखवायची लाज वाटली." आणि मग तोंड सुटलंच माझं. फुगणारं दार सांगितलं, जिन्यावरची बाथरूम सांगितली, बादल्यांची रांग सांगितली, तू कोट शिवलास तेही सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. कोटाशी आल्यावर हसू लागल्या, हसता हसता डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मला तर कधीची धाकधूक होती, त्या मुलीशी मी बोलू काय?" चहा पाजला मला. रविवारी दोघींना जेवायला पाठवा म्हणाल्या. मी उगाच त्यांना महिनाभर घाबरून होते.

तिथून शाळेत. मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्यासमोर तुमच्या बाईंना फोन लावला. तेव्हा हे पत्र पोहोचेपर्यंत तुला कळलेलं असेल, पण मला माझ्या तोंडाने सांगायचंय. बगळी आपल्याकडे येतेय.

तुझे बाबा काल परतले. ऐकून म्हणाले, "मी ट्रकमध्ये झोपतो, पोरींना खोली घेऊ द्या." आता भिंतीला हात लावू की नको, दाराचं काय करू, असं मी घरभर फिरत होते. ते म्हणाले, "आहे तसं राहू दे. तिला यायचंय ते इथेच." मी दार तेवढं तासून घेतलं. भिंत राहू दिली.

शेजाऱ्यांना सांगितलंय, पाहुणी येणार. तर सकाळी बादल्यांच्या रांगेत तिला पुढे सोडायचं का, यावर जिन्यात भांडण सुरू आहे. वरच्या मजल्यावरची शेजारीण तिला आपल्या भाषेत काय काय शिकवायचं ते ठरवून बसलीय. चांभार विचारतो, तिचे पाय खरंच एवढे लांब आहेत का.

काकूंना नमस्कार सांग. त्या निळ्या टाक्यांबद्दल मी तुला रागावणार होते. पण काल एका गिऱ्हाइकाची शाल शिवायला घेतली, आणि टाका लपवताना पहिल्यांदा हात थांबला. लपवलाच शेवटी, शाल त्याची आहे. पण थांबला.

घर लहान आहे हे बगळीला आजच सांग. आणि आत्या तिची वाट बघतेय, हेही आजच सांग.

तुझी आणि आता तिचीही,
आत्या